कुळथाचं पिठलं आणि बर्ड फ्लू

फेब्रुवारी २००६मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतातली ही पहिली लागण. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या आणि तिथून इतक्या दूर, आमच्या भिवंडीतल्या निजामपुऱ्यातही चिकनची दुकानं ओस पडली. जो तो विचारी, ‘हा रोग माणसामाणसांत पसरेल का हो?’ त्याच्या उत्तराचा मोठा भाग, गंमत म्हणजे, एका झाडाच्या सालीतून मिळाला.

आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. पुष्कळदा त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असतं. फ्लूचा विषाणू तेच धरून पेशीत शिरतो. मात्र हे आम्ल शेजारच्या साखरेला दोन तऱ्हांनी जोडलेलं असतं. पक्ष्यांच्या फ्लूला एक जोड लागतो, माणसांच्या फ्लूला दुसरा.

हा जोड साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही. इथं लेक्टिनं कामी येतात. ही प्रथिनं ठरावीक साखर भेटली की तिला चिकटतात. कुळथातलं लेक्टिन रक्तपेढीत ए गटाचे उपप्रकार ओळखायला वापरतात, हे पिठलं खाताना कुणाच्या ध्यानीमनीही नसतं! एल्डरबेरीच्या सालीतलं लेक्टिन माणसांच्या फ्लूचा जोड ओळखतं, माकिया नावाच्या झाडाच्या बियांतलं पक्ष्यांच्या फ्लूचा. लेक्टिनला चमकणारा रंग जोडायचा, ते फुफ्फुसाच्या पातळ कापावर घालायचं आणि न चिकटलेलं धुऊन टाकायचं. उरतं ते चमकतं.

पण चमकलं म्हणून लगेच विश्वास ठेवू नये. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन सायलिक आम्लाबरोबर आणखी एका साखरेलाही धरतं. म्हणून दुसऱ्या एका कापावरचं सायलिक आम्ल विकरानं आधी छाटून टाकतात. तरीही चकाकी राहिली, तर ती भलत्याचीच. माझ्या मते खरी परीक्षा हीच.

मार्च २००६मध्ये जपान-अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसाची श्वसनवाट अशी तपासून प्रसिद्ध केली. नाकाघशात माणसांच्या फ्लूचा जोड होता, पक्ष्यांच्या फ्लूचा मात्र फुफ्फुसात खोल, वायुकोशांपाशी. म्हणजे विषाणू तिथवर पोचला तर न्यूमोनिया भयंकर, पण खोकल्या-शिंकेतून तो दुसऱ्याकडे जाणं अवघड. नवापूरला एकाही माणसात लागण सिद्ध झाली नाही. अर्थात विषाणूनं आपली पकड बदलली, तर हे कुंपण टिकणार नाही. म्हणूनच २०२४मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना हा फ्लू झाला, तेव्हा संशोधकांनी त्यांच्या कासेचे काप घेऊन त्यावर हीच लेक्टिनं घातली. पक्ष्यांच्या फ्लूचा जोड तिथं भरपूर निघाला.