वरातीच्या वाटेवरचा प्रश्न

लखनौ म्हटले की खवय्यांना गलौटी कबाब आठवतात. याच शहरात, प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, राज्य संग्रहालय आहे. मथुरेच्या कंकाली टीला येथे १८८८ ते १८९१ या काळात झालेल्या उत्खननातील अनेक जैन शिल्पे इथे आहेत. संग्रहालयातील कुषाणकालीन नेमिनाथांच्या मूर्तीशेजारी बलराम आणि श्रीकृष्ण दिसतात, कारण जैन परंपरेत नेमिनाथ हे श्रीकृष्णाचे चुलत भाऊ.

त्यांची कथा लग्नाची आहे. राजकन्या राजीमतीशी विवाह ठरला, वरात निघाली. वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश नवरदेवांच्या कानी आला. ही इथे कशाला, असे त्यांनी सारथ्याला विचारले. वऱ्हाडाच्या जेवणासाठी, असे उत्तर मिळाले. अंगावरचे दागिने सारथ्याला देऊन ते माघारी फिरले आणि गिरनारवर त्यांनी दीक्षा घेतली. पुढे राजीमतीनेही तोच मार्ग धरला.

लखनौच्या मूर्तीत हा प्रसंग कोरलेला नाही. तो पाहायचा तर अबूच्या लूणवसही मंदिरात जावे. तेराव्या शतकात मंत्री तेजपालाने बांधलेल्या या मंदिराच्या संगमरवरी छतावर वरात आहे आणि कोंडलेली जनावरेही आहेत. लग्नाचा थाट आणि त्याची किंमत, दोन्ही एकाच चौकटीत.

आज मटण-कोंबडी साफ होऊन पिशवीतून घरी येते. मागचा आक्रोश स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही. नेमिनाथांनी तो ऐकला आणि कारण विचारले. जेवायला बसताना तेवढे तरी विचारायला काय हरकत आहे?