पाटा तुटण्याआधी बोलतो



एरवी मला बोलावतात ते कवितेवर बोलायला. आज मी बोलणार आहे ते एका मोडक्या व्हॅनबद्दल. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. यंत्राशी माझा संबंध चावी फिरवण्यापुरता. आमच्या अवसरी खुर्दला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथली मुलं हा विषय माझ्यापेक्षा नीट मांडतील. पण मोडली ती माझी गाडी, आणि त्या वेळी गाडीत माझी आई बसलेली होती. म्हणून हे मीच सांगायला हवं.

ही व्हॅन अब्बांनी 2009 साली घेतली. लग्नकार्य, उरूस, दवाखाना, शाळेची सहल, सगळं तिनं केलं. मागची सीट काढली की मंचरच्या बाजाराला कांदा-बटाट्याच्या पिशव्याही तिच्यातूनच जायच्या. अब्बा गेले, गाडी राहिली.

2023 सालचा डिसेंबर. उसाचा हंगाम ऐन भरात होता. अम्मीला घेऊन मी मंचरहून घरी निघालो होतो. समोरून दोन ट्रेलर लावलेला उसाचा ट्रॅक्टर येत होता. रस्त्यात एक गतिरोधक होता आणि त्याचे पांढरे पट्टे पुसून गेले होते. तो दिसला तेव्हा उशीर झाला होता. मी ब्रेक दाबला, गाडी आदळली आणि मागून फटाका फुटावा तसा आवाज आला. स्टिअरिंग मी सरळच धरलं होतं, तरी गाडीचं तोंड आपोआप डावीकडे वळलं. रस्ता सोडून आम्ही चारीत उतरलो आणि बाभळीवर जाऊन थांबलो. मला खरचटलं. अम्मीचा डावा हात मनगटात मोडला.

स्टिअरिंग सरळ असताना गाडी वळली कशी, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी गाडी उचलून खाली बॅटरी मारली आणि म्हणाले, "चाचा, उजव्या बाजूचा मेन पाटा गेलाय."

आता हा पाटा म्हणजे काय, ते सांगतो. जुन्या टांग्याला बसायच्या जागेखाली लोखंडी कमान असायची, ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. इंग्लंडमध्ये ओबाडिया इलियट नावाच्या कारागिरानं 1804 साली घोडागाडीसाठी अशा कमानीचं पेटंट घेतलं. तीच कमान पुढं मोटारीखाली आली. पोलादाच्या लवचिक पट्ट्या एकावर एक ठेवतात. सगळ्यात लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे असतात, डोळ्यांत रबरी बुश असतात आणि त्यातून बोल्ट घालून पाटा गाडीला टांगतात. पुढचं टोक एका जागी पक्कं, मागचं टोक शॅकलवर झुलतं, कारण दबला की पाटा लांब होतो. मध्यावर यू बोल्टांनी मागचा ॲक्सल आवळलेला असतो.

आपल्याला वाटतं, पाट्याचं काम फक्त धक्के खाणं. ते त्याचं अर्धंच काम. मागचा ॲक्सल गाडीखाली सरळ धरून ठेवणं, हे दुसरं अर्धं काम. माझ्या गाडीचा उजवा मेन पाटा पुढच्या डोळ्याजवळ तुटला. त्यात मी ब्रेक दाबलेला. ब्रेक दाबला की चाक मागं राहू पाहतं. त्यामुळं ॲक्सलचं उजवं टोक मागं सरकलं, ॲक्सल तिरका झाला, मागची चाकं उजवीकडे बघू लागली आणि गाडीचा मागचा भाग उजवीकडे गेला. साहजिकच तोंड डावीकडे वळलं. हाच प्रकार डाव्या पाट्याचा झाला असता, तर तोंड उजवीकडे वळलं असतं. उजवीकडे ट्रॅक्टर होता. मिस्त्रींनी हे समजावून सांगितलं, तेव्हा मी गॅरेजमधल्या स्टुलावर खाली बसलो.

मग त्यांनी तुटलेला तुकडा माझ्या हातात दिला. तुटलेल्या तोंडाचा निम्म्याहून जास्त भाग तपकिरी होता, गंजलेला. उरलेला चांदीसारखा चकचकीत. चकचकीत भाग कालचा. तपकिरी भाग जुना, म्हणजे चीर कितीतरी आधीची होती. पोलाद असंच तुटतं. हजारो वेळा वाकून, सरळ होऊन कुठंतरी बारीकशी चीर पडते. तिच्यात पाणी जातं, गंज धरतो, चीर आत सरकत जाते. शेवटी उरलेल्या पोलादाला ओझं पेलवत नाही, आणि एका धक्क्यात काम तमाम होतं.

"चाचा, आवाज कधीपासून येत होता?" मिस्त्रींनी विचारलं.

दिवाळीपासून. खड्ड्यातून गेलं की मागून कट्‌कट्‌ यायचं. ओळीत एक मात्रा चुकली तरी मला खटकतं; पण त्या आवाजावर उपाय म्हणून मी काय केलं असेल? आकाशवाणीची क्षमा मागून सांगतो, गाडीतला रेडिओ मोठा केला.

तेव्हा श्रोतेहो, चारचाकी असलेल्या प्रत्येकानं महिन्यातून एकदा एवढं करावं. गाडी सपाट जागी उभी करून चाक आणि मडगार्ड यांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी बोटांनी मोजावं. एक बाजू बसलेली दिसली, तर पाटा किंवा स्प्रिंग तपासायला हवी. मग गाडीचा एकेक कोपरा जोर लावून दाबावा आणि सोडावा. एक-दोन हेलकाव्यांत गाडी स्थिर झाली नाही, तर शॉकअप संपला. शॉकअपवर तेलाचे ओघळ दिसले, तरी तेच. टायर एकाच कडेनं झिजत असेल, तर अलाइनमेंट बिघडली आहे किंवा पुढचा बॉल जॉइंट, बुश ढिले झालेत. शेवटी बॅटरी घेऊन खाली वाकून बघावं. पाट्यावर चीर, एखादी पट्टी सरकलेली, यू बोल्ट ढिला, असं काही दिसलं की गाडी तिथंच थांबवावी. आणि चालत्या गाडीत असा प्रसंग आलाच, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरावं, ॲक्सिलरेटर सोडावा आणि ब्रेक हळूहळू लावावा. माझ्यासारखा करकचून लावू नये.

इथं गतिरोधकाबद्दलही एक सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, गोलाकार सांगितला आहे, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगानं गाडी त्यावरून सुखरूप जावी. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी रस्त्यावर नुसता वरवंटा आडवा टाकल्यासारखा असतो. पण गतिरोधकाला दोष देऊन मी सुटत नाही. त्यानं फक्त शेवटचा धक्का दिला.

आता खर्चाकडे येऊ. दोन्ही बाजूंचे नवे पाटे, बुश, यू बोल्ट आणि मजुरी धरून आकडा 9 हजारांच्या आत होता. पाटे जोडीनंच बदलावेत. एक नवा, एक जुना ठेवला, तर गाडी तिरकी उभी राहते. खरा खर्च पुढच्या धडकेचा होता. दरवाजा, काच, पुढचा पत्रा, रेडिएटर, डेंटिंग, पेंटिंग. एकूण अंदाज 62 हजार. आणि ही गाडी धडधाकट असती तरी 90 हजारांच्या वर कुणी मागितली नसती.

विमा होता, पण फक्त थर्ड पार्टी. गाडी जुनी झाली, आता कशाला जास्त भरायचे, असा माझा हिशेब. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचा आहे तो एवढाच. आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याची भरपाई तो करतो. आपल्या गाडीला त्यातून काही मिळत नाही. खासगी गाडीत बसलेल्या आपल्या माणसांनाही त्यात सहसा धरत नाहीत. मालक स्वतः चालवत असेल, तर त्याच्यासाठी 15 लाखांचा अपघात विमा वेगळा असतो, तोही मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. म्हणजे अम्मीच्या हातासाठी माझ्या पॉलिसीत काही नव्हतं.

ज्यांचा विमा सर्वसमावेशक आहे, त्यांनीही नियम जाणून घ्यावेत. झिजून किंवा आपोआप तुटलेल्या भागाचे पैसे मिळत नाहीत, म्हणजे पाट्याचे नाहीत. पण पाटा तुटल्यामुळं झालेल्या धडकेचं नुकसान मागता येतं. त्यातही घसारा कापतात. रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर 50 टक्के. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, 10 वर्षांपुढच्या गाडीला 50 टक्के. दुरुस्तीचा हिशेब गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण निकामी धरतात. सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलू नये आणि तुटलेला भाग भंगारात टाकू नये. गाडी नवी असेल आणि तोच भाग इतरांच्याही गाड्यांत तुटत असेल, तर तो कदाचित कारखान्याचा दोष असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार कंपनीला देऊ शकतं. माझ्या गाडीचा दोष माझाच होता. वय 14 वर्षं, त्यात बाजाराचं ओझं.

घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, कर्ज काढून नवी घेऊ. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून अम्मी म्हणाली, "बेटा, तुझ्या अब्बांची गाडी आहे. नीट करून घे." मी अम्मीच्या बाजूनं होतो. 62 हजार गेले तर गेले, असं मनाशी ठरवून मी गॅरेजमध्ये गेलो.

मिस्त्री म्हणाले, "आधी इथं बघा." पाट्याचं पुढचं टोक ज्या ब्रॅकेटला टांगलेलं असतं, तिथं त्यांनी स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो पत्र्यातून आरपार गेला. अशा व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. तो आतून गंजला होता. भर म्हणून मीच काही वर्षांपूर्वी जादा ओझ्यासाठी एकेक पट्टी वाढवून घेतली होती. पट्टी वाढली की पाटा ताठ होतो, मग जो धक्का पाट्यानं खायचा तो ब्रॅकेटला बसतो. ओझं वाढवण्याची सोय म्हणून जे केलं, त्यानंच ती जागा खिळखिळी केली.

दुरुस्ती की नवी गाडी, याचं उत्तर मला तिथं मिळालं. पाटा बदलता येतो, दरवाजा बदलता येतो, इंजिनही बदलता येतं. पण पाटा जिथं टांगायचा ती जागाच कुजली असेल, तर वेल्डिंगचं ठिगळ किती दिवस धरेल, याची हमी कोणताही प्रामाणिक मिस्त्री देत नाही. म्हणून अपघातानंतर आधी पेंटरला विचारू नये. आधी गाडी उचलून सांगाडा तपासून घ्यावा, मग अंदाजपत्रक मागावं.

एक व्यापारी 35 हजार द्यायला तयार झाला. ठिगळ मारून, रंग देऊन पुढं विकणार होता. स्क्रॅपचे 22 हजार येत होते. 13 हजारांचा फरक आमच्या घरात मोठाच. रात्री अम्मीला सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग त्यात दुसऱ्याची आई बसेल ना?" सकाळी मी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला फोन केला. तिथं गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि नवी गाडी घेताना करात सवलतीसाठी ते चालतं. मात्र आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्यायला विसरू नये, नाहीतर कागदावर गाडी आपल्याच नावावर फिरत राहते.

कर्ज झेपणारं नव्हतं, म्हणून वापरलेली गाडी घेतली. या वेळी रंग बघितला नाही. मिस्त्रींना सोबत नेलं, गाडी उचलून बघितली, खड्ड्यातून चालवली, रेडिओ बंद ठेवून. आरसी, कर्जाचा बोजा, दंडाची चलनं तपासली. व्यवहारानंतर 14 दिवसांत नावावर करण्याचा अर्ज दिला आणि विमाही नावावर करून घेतला, या वेळी सर्वसमावेशक. जाता जाता हेही सांगतो, क्लेम न केल्याबद्दल मिळणारा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो जुन्या गाडीवरून आपल्या नव्या गाडीवर आणता येतो. विकणाऱ्याचा बोनस मात्र आपल्याला मिळत नाही.

अम्मीचा हात आता बरा आहे, थंडीत थोडा दुखतो. गाडीत बसली की ती अजून दरवाज्यावरचा दांडा धरून ठेवते. परवा मंचरहून येताना कुठंतरी बारीक कुरकुर ऐकू आली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "थांब बेटा, उतरून बघ आधी." उतरून बघितलं. मागच्या दरवाज्यात पिशवीचा बंद अडकला होता. अम्मी म्हणाली, "असू दे. बघितलं ते बरं केलंस."