आरोग्यतक्ता : चित्र कोणाचे, माहिती कोणाची?

हिंजवडीत आयटी पार्कभोवती बांधकामावर असलेले मजूर अनेक राज्यांतून येतात. त्यांतील पुष्कळांना मराठी वाचता येत नाही. जुलाब झालेल्या मुलासाठी जलसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, कशी तयार करावी हे त्यांना समजावताना मला चित्राचा तक्ताच उपयोगी पडतो.

मात्र चित्र बिनचूक हवे. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. मध्यंतरी एका ठिकाणी नक्कल केलेला तक्ता पाहिला. त्यात मोठ्या पाकिटाशेजारी पेला काढला होता! इतक्या कमी पाण्यात ते कालवून पाजले, तर बाळाच्या रक्तातील क्षार वाढून झटके येऊ शकतात. म्हणून चित्रावरील हक्काचा विषय रुग्णांच्याही जिवाशी निगडित आहे.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. स्वतः काढलेले चित्र तयार होताच त्यावर हक्क मिळतो. नोंदणी सक्तीची नाही. पण कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. नवी दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. अशा चित्राचे शुल्क ५०० रुपये आहे. हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. चित्रकार दुसरा असल्यास त्याचे ना-हरकत पत्र जोडावे. हक्क चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. चित्राची मोडतोड करून त्याच्या नावाला बाधा आणल्यास कलम ५७ नुसार त्याला दादही मागता येते.

मग गरिबांपर्यंत ज्ञान कसे पोचणार? वाचकहो, हक्क असतो तो चित्रावर, माहितीवर नाही. ‘मोठ्या पाकिटाला लिटरभर पाणी’ ही माहिती सर्वांची आहे. आपल्या हाताने तिचे वेगळे चित्र काढायला परवानगी लागत नाही. शिक्षकाने वर्गात शिकवण्यासाठी केलेली नक्कलही कायद्याला मान्य आहे. शिवाय हक्क राखूनही मुभा देता येते. डेव्हिड वर्नर यांच्या ‘व्हेअर देअर इज नो डॉक्टर’ या पुस्तकातील मजकूर व चित्रे नफा न घेता वाटण्यास मोकळीक होती.

आशाताई, शिक्षक व मंडळांच्या कार्यकर्त्यांनी तक्ता काढल्यावर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावा. खाली नाव, साल आणि ‘मोफत वाटण्यास हरकत नाही, बदल करू नये’ एवढे लिहावे. आणि तक्ता कोणाचाही असो, पाणी मोजण्यापूर्वी पाकिटावरील सूचना जरूर वाचावी.