ग्रंथसूचीचा जनक, कवी कॅलिमॅकस

ग्रंथालयात लेखकाच्या नावावरून पुस्तक शोधण्याची सोय आज सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. या पद्धतीचा एक महत्त्वाचा पाया इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात घातला गेला आणि तो घालणारा होता एक कवी. त्याचे नाव कॅलिमॅकस.

आजच्या लिबियातील सायरीनी या ग्रीक नगरात जन्मलेला कॅलिमॅकस टॉलेमी राजांच्या आश्रयाने अलेक्झांड्रियात वावरला. तेथील विख्यात ग्रंथालयात पपायरसच्या असंख्य गुंडाळ्या जमा होत होत्या. एकाच नावाचे अनेक लेखक, शीर्षकाविना असलेल्या कृती, अशा पसाऱ्यातून वाट काढण्यासाठी त्याने ‘पिनाकेस’ म्हणजे ‘फलक’ ही १२० गुंडाळ्यांची सूची सिद्ध केली. तीत वाङ्मयप्रकारांनुसार लेखकांची विभागणी होती. लेखकाचा अल्प परिचय, त्याच्या कृती, त्यांचे आरंभीचे शब्द आणि ओळींची संख्या असा तपशील तीत असे. आरंभीच्या शब्दांवरून कृती ओळखता येई, तर ओळींच्या संख्येवरून प्रत पूर्ण आहे की नाही, हे पडताळता येई.

कवी म्हणून मात्र त्याला पसारा अमान्य होता. प्रदीर्घ महाकाव्यापेक्षा छोटी, घोटीव रचना त्याने श्रेष्ठ मानली. कॅटलस, प्रॉपर्शियस, ओव्हिड या रोमन कवींवर या दृष्टीचा खोल ठसा उमटला.

राणी बेरेनिके हिने पती युद्धातून सुखरूप परतावा म्हणून केसांची बट देवतेला अर्पण केली. ती नाहीशी झाली, तेव्हा कॉनॉन या खगोलज्ञाने ती ताऱ्यांत दाखवली. कॅलिमॅकसने त्या बटेच्याच मुखातून काव्य रचले. मराठीत ‘अरुंधती केश’ म्हणून ओळखला जाणारा तारकासमूह तो हाच. हे काव्य शतकानुशतके कॅटलसच्या लॅटिन अनुवादातूनच परिचित होते. मूळ ग्रीक ओळींचा पपायरस १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला.

इतरांचे ग्रंथ नोंदवणाऱ्या या पंडिताची सूची स्वतः मात्र काळाच्या उदरात गडप झाली. त्याच्या विपुल लेखनापैकी सहा स्तोत्रे आणि साठेक लघुकाव्ये तेवढी सलग उरली. बाकीचे हाती येते ते नंतरच्या लेखकांनी दिलेल्या उताऱ्यांतून आणि इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या तुकड्यांतून. सूचीमुळे ग्रंथाची नोंद होते, पण त्याला आयुष्य लाभते ते नकलाकार, अनुवादक आणि वाचक यांच्यामुळे, हेच त्याच्या वारशावरून दिसते.