सव्वातीनशे किलोमीटरचे बिऱ्हाड

शाळांचे निकाल लागले की देऊळगाव राजाहून जालन्याच्या रस्त्याला लागलेला एखादा ‘छोटा हत्ती’ हटकून दिसतो. आडवे कपाट, त्यावर गाद्यांच्या वळकट्या, पुण्यात फारसा लागणार नाही हे माहीत असूनही घेतलेला कूलर, दोरीने आवळलेली लेकराची सायकल आणि कोपऱ्यात ज्वारीची दोन पोती. बायकामुले रात्रीच्या ‘ट्रॅव्हल्स’ने मागून येणार. पुणे इथून साधारण सव्वातीनशे किलोमीटर. संध्याकाळी निघालेला टेम्पो उजाडता उजाडता पोचतो. बिऱ्हाड पोचायला त्याहून बराच वेळ लागतो.

देऊळगाव राजा हे काही ओसाड गाव नव्हे. तालुक्याचे ठिकाण आहे, बालाजी महाराजांचे जुने देवस्थान आहे, शिवारात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे पिकते. पण इंजिनिअर झालेल्या पोराला बियाण्याच्या प्लॉटवर थांबवणार कसे? तो चाकणला किंवा हिंजवडीला जातो, पहिली दोन वर्षे मित्रांबरोबर खोलीत काढतो, लग्नानंतर रीतसर बिऱ्हाड नेतो. हाल तिथून सुरू होतात.

हालांचे मोजमाप करण्याचा खटाटोप १९६७ साली थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी केला. आयुष्यातल्या ४३ घटनांना त्यांनी ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३. घर बदलणे हा माणसाच्या सर्वांत मोठ्या ताणांपैकी एक, असे सर्रास सांगितले जाते. या मूळ यादीत मात्र त्याला अवघे २० गुण आहेत. तेवढ्यावरून ‘मग एवढा बाऊ कशाला?’ असे कुणी विचारील. पण घर बदलणे एकटे येत नाही. मुलांची शाळा बदलली, त्याचे २०. राहणीमान बदलले, २५. उठबस बदलली, १८. झोपेचे १६, जेवणाचे १५, नातेवाइकांच्या गाठीभेटींचे आणखी १५. बायकोची गावाकडची नोकरी सुटली असेल तर २६. बेरीज होते १५५. या यादीत १५० च्या पुढे गेलेल्या माणसाला आजारपणाचा धोका वाढतो असे मानले जाते. म्हणजे टेम्पोवाल्याशी घासाघीस करणारे कुटुंब त्या रेषेपलीकडे कधी गेले, हे त्याचे त्यालाही कळत नाही.

घरभाड्याचा अनुभव तर स्वतंत्र लेखाचा विषय. दलालाला एक भाडे, मालकाला अनामत आणि अकरा महिन्यांचा करार. वर्षाहून लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून देशभर अकराची पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात ती पळवाट मुळी चालतच नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. नोंदणी केलेली नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. नव्याने आलेल्या भाडेकरूंपैकी किती जणांना हे ठाऊक असते? केंद्राने २०२१ साली मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, असे म्हटले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय भाडेकरूला त्याचा उपयोग नाही.

मग भाषा. ‘काहून?’ असे सहज विचारले की समोरचा हसतो. ‘मी येऊन राहिलो’ म्हटले तर कुणी तेच वाक्य पुन्हा म्हणवून घेते. त्यात वाईट हेतू नसेलही, पण महिन्याभरात नवी आलेली सून दुकानात बोट दाखवून वस्तू मागू लागते, तेव्हा त्या हसण्याची किंमत कळते. आणि सुनेला हे नवे नसते. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक माणसे मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहत असल्याची नोंद आहे. त्यांत सुमारे दोन तृतीयांश स्त्रिया, आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण लग्न. स्थलांतराची चर्चा नोकरीवाल्या पुरुषाभोवती फिरते खरी. एकदा माहेराहून देऊळगावला आणि पुन्हा देऊळगावाहून पुण्याला, असे दोनदा उपटून लावलेले रोप मात्र घरातच असते.

या भागाला लांबच्या स्थलांतराची कथा नवी नाही. शंभरेक किलोमीटरवर दौलताबाद आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथे हलवली. चाळीस दिवसांची वाट. रस्त्यावर झाडे लावली, मुक्कामाच्या जागा केल्या, निघताना आणि पोचल्यावर लोकांना सढळ हाताने पैसे दिले. आजची कोणतीही कंपनी बदलीवर जाणाऱ्याला देत नाही इतकी सोय! तरी लोक हाय खाऊन गेले. दिल्लीत राहू पाहणाऱ्या एका आंधळ्याला फरफटत नेले आणि दौलताबादेत त्याचा फक्त पाय पोचला, ही ऐकीव गोष्ट इब्न बतूताने नोंदवली आहे. दिल्ली पुरती रिकामी झाली होती हे आजचे इतिहासकार मानत नाहीत. हलवले गेले ते मुख्यतः अमीर-उमराव, उलेमा आणि त्यांचे गोतावळे. काही वर्षांतच सुलतानाने परतीची मुभा दिली आणि पुष्कळ जण आले तसे उलट निघाले.

त्याच काळात देऊळगाव राजा तालुक्यातल्या मेहुणा राजा इथला एक माणूस दूर मंगळवेढ्याला नांदत होता. संत चोखामेळा. परंपरा त्यांचे जन्मस्थान मेहुणा राजा मानते. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. समाधी पंढरपुरात, महाद्वारापाशी. परगावी बांधकामावर राबताना मेलेला मजूर, अशी त्यांची ओळख सहसा कुणी करून देत नाही. देऊळगाव राजा तालुक्यातल्या खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे.

सुलतानाच्या गोष्टीत एक खूण सापडते. बिऱ्हाड हलवल्याचे दुःख अंतरापेक्षा परतीच्या वाटेवर ठरते. वाट उघडी असली की माणूस नव्या गावात तग धरतो. ती बंद झाली की काय होते ते मे २०२० मध्ये दिसले. देऊळगावकरांना जालना म्हणजे हाकेच्या अंतरावरची बाजारपेठ. तिथल्या पोलाद कारखान्यात राबणाऱ्या मध्य प्रदेशातल्या शहडोल-उमरियाच्या मजुरांना तेच परमुलुखातले शहर होते. टाळेबंदीत काम थांबलेले, गाड्या बंद. घरी नेणारी गाडी पुढे कुठेतरी मिळेल म्हणून वीस जण रुळांवरून चालत निघाले. ८ मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीने त्यांतल्या सोळा जणांना झोपेतच चिरडले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे फोटो तेव्हा सगळ्यांनी पाहिले.

कागदांची वाट आता थोडी रुंद झाली आहे, हे मान्य करायला हवे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे अन्नसुरक्षेचे लाभार्थी कुटुंब गावचे धान्य पुण्यातल्या दुकानातून घेऊ शकते. शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मतदारयादीत पत्ता बदलायला नमुना ८ पुरतो. तो भरणारे मात्र थोडे. मत गावातच राहू द्यायचे, हा हिशेब जाणूनबुजून केलेला असतो. तेवढाच गावात पाय.

हा पाय राखण्यासाठीच दसऱ्याला, बालाजीच्या लाटा-मंडपोत्सवाला, दिवाळीला माणसे येतात. आणि तेव्हाच ट्रॅव्हल्सची भाडी भडकतात. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे खासगी बसने घेऊ नये, असे शासनाने २०१८ मध्येच ठरवून दिले आहे. दिवाळीच्या तोंडावर तिकीट काढणाऱ्याने ते छापील दर एकदा ताडून पाहावेत. समृद्धी महामार्गाने वेळ वाचवला, पण १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर शेजारच्याच सिंदखेड राजा तालुक्यात नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ जण गेले, तेव्हापासून रात्रीच्या बसने निघालेल्या लेकराचा ‘पोचलो’ असा फोन येईपर्यंत इथल्या आईला झोप लागत नाही.

रेल्वे असती तर? खामगाव-जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. चिखली, देऊळगाव राजा असा तो यायचा. सर्वेक्षणे झाली, आंदोलने झाली. रूळ पडलेला नाही. मुंबईहून निघालेला देऊळगावकर आजही जालना स्थानकावर उतरतो आणि उरलेल्या तीस-पस्तीस किलोमीटरसाठी पिशवी सांभाळत एसटी किंवा काळीपिवळी शोधतो.