मोटार, कुत्रा आणि राखलेलीं रानें

वॉशिंग्टन येथें अमेरिकेच्या इतिहासाचें जें राष्ट्रीय संग्रहालय आहे, त्याच्या संग्रहांत एक जुनी विन्टन मोटार जतन केलेली आहे. तिच्या जोडीला एक चष्माही आहे. पण तो माणसाचा नव्हे, कुत्र्याचा आहे. १९०३ सालीं डॉ. होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांनीं मोटारींतून अमेरिका खंड ओलांडून दाखविण्याची ५० डॉलरांची पैज मारली, आणि सूअल क्रॉकर या यांत्रिकाला बरोबर घेऊन २३ मे रोजीं सॅन फ्रॅन्सिस्को शहर सोडलें. वाटेंत आयडाहो संस्थानांत त्यांनीं बड नांवाचा एक बुलडॉग विकत घेतला. मोटारीला ना टप, ना पुढची कांच. क्षारमिश्रित धुळीनें बडचे डोळे चुरचुरूं लागले, तेव्हां धन्याप्रमाणें त्याच्याही डोळ्यांवर चष्मा चढला. २६ जुलै रोजीं ही मंडळी न्यूयॉर्कला पोंचली. मोटारीनें तें खंड प्रथम ओलांडणाऱ्या प्रवाशांत असा एक चतुष्पादही होता.

तेव्हांपासून मोटारीच्या खिडकींतून डोकावणारा कुत्रा हें अमेरिकन प्रवासाचें एक नित्याचें दृश्य होऊन बसलें आहे. परंतु बडला न पडलेला एक प्रश्न आजच्या प्रवाशाला पदोपदीं सोडवावा लागतो. मोटार कोठें थांबवावी, हा तो प्रश्न नव्हे; थांबल्यावर कुत्र्यासाठीं दार कोठें उघडावें आणि कोठें उघडूं नये, हा तो प्रश्न होय. सुखाचा प्रवास आणि जन्माचें दुःख यांतील अंतर कधीं कधीं एवढ्या एका दारावर अवलंबून असतें.

याचें उत्तर समजण्यासाठीं त्या देशांतील दोन प्रकारचीं सरकारी रानें वेगळीं ओळखलीं पाहिजेत. पहिला प्रकार राष्ट्रीय उद्यानांचा. यलोस्टोन हें त्यांतील सर्वांत पहिलें. तें १८७२ सालीं स्थापन झालें. या सर्वांची देखरेख करणारें स्वतंत्र खातें १९१६ सालीं निघालें. निसर्ग आहे तसा पुढील पिढ्यांच्या हातीं द्यावा, हें या उद्यानांचें ब्रीद आहे. दुसरा प्रकार राष्ट्रीय वनांचा. हीं वनें शेतकी खात्याच्या ताब्यांत असून त्यांचा कारभार १९०५ सालीं स्थापन झालेल्या वनखात्याकडे आहे. तेथें लांकूडतोड होते, गुरें चरतात, शिकारही परवान्यानें चालते. जपणें आणि वापरणें हीं दोन्ही कामें तेथें एकत्र नांदतात. पुष्कळ ठिकाणीं उद्यान आणि वन यांची सीमा एकमेकांस लागून असते. झाडें तींच, डोंगर तेच. वाटेवरच्या फलकावरचा एक शब्द तेवढा बदलतो. पण त्या एका शब्दानें कुत्र्याचें सगळें जग बदलतें.

राष्ट्रीय वनांत कुत्र्याला बहुतेक पायवाटा मोकळ्या असतात. तंबूच्या नेमलेल्या जागीं त्याला दोरीनें बांधावें लागतें, इतरत्र तो धन्याच्या आज्ञेंत असावा एवढीच सामान्यतः अपेक्षा असते. उद्यानांत मात्र दोरी सहा फुटांहून लांब चालत नाहीं, आणि ती हातांत असली तरी सर्वत्र जाण्याची मुभा नाहीं. यलोस्टोनमध्यें रस्ता, मोटारी उभ्या करण्याची जागा आणि तंबूंची जागा यांपासून शंभर फुटांपलीकडे कुत्र्याला नेतां येत नाहीं. पायवाटा आणि उष्ण झऱ्यांवरील लांकडी मार्ग त्याला सर्वस्वी बंद आहेत. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कांठावरून तो फिरूं शकतो, पण दरींत उतरूं शकत नाहीं. ग्रेट स्मोकी पर्वतांतील उद्यानांत शेंकडों मैलांच्या पायवाटांपैकीं दोनच त्याच्यासाठीं खुल्या आहेत. याच्या उलट व्हर्जिनियांतील शेनान्डोआ उद्यानांत बहुतेक सर्व पायवाटांवर, आणि मेन संस्थानांतील अकेडिया उद्यानांत सुमारें शंभर मैलांच्या वाटांवर दोरी बांधलेला कुत्रा खुशाल चालूं शकतो. म्हणून एका उद्यानाच्या अनुभवावरून दुसऱ्याविषयीं अनुमान बांधणें धोक्याचें ठरतें.

हे निर्बंध कुत्र्याच्या द्वेषानें घातलेले नाहींत. कुत्रा आपणांस घरचा वाटतो; हरिणाला किंवा जमिनीवर घरटें करणाऱ्या पक्ष्याला तो लांडग्याचा भाऊबंद वाटतो. तो भुंकला नाहीं, धांवला नाहीं, तरी त्याचा नुसता वास मागें राहिला म्हणजे रानांतील प्राणी बिचकतात. दुसरी गोष्ट रोगाची. डिस्टेंपर, पार्व्हो आणि पिसाळरोग हे कुत्र्यापासून रानांतील मांसभक्षकांस आणि त्यांच्यापासून कुत्र्यास होऊं शकतात. १९९४ सालीं आफ्रिकेंतील सेरेंगेटी उद्यानांत डिस्टेंपरच्या सांथीनें सुमारें एक तृतीयांश सिंह दगावले. २०१८ सालीं आपल्या शेजारच्या गुजराथेंत गीरच्या अरण्यांत वीसहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत मेले, आणि त्यांच्यापैकीं कांहींच्या शरीरांत याच रोगाचे विषाणू सांपडले. तिसरें कारण अस्वलाचें. मोकाट कुत्रा अस्वल पाहून त्याच्यावर भुंकत जातो. अस्वल उलटलें कीं तो धन्याच्या आश्रयाला धांवतो आणि संकट आपल्या मागें घेऊन येतो.

परंतु यलोस्टोनमध्यें अस्वलाहूनही भयंकर अशी एक गोष्ट आहे, आणि ती दिसावयास अत्यंत मोहक असते. निळ्याशार पाण्याचे ते झरे जवळजवळ उकळत असतात. कुत्र्याला तें तळें वाटतें. १९८१ सालीं मोटारींतून निसटलेल्या एका कुत्र्यानें अशाच एका कुंडांत उडी घेतली. तो तडफडतांना पाहून त्याच्या धन्याचा चोवीस वर्षांचा मित्र लोकांच्या हांकांकडे लक्ष न देतां पाण्यांत शिरला. कुत्रा वांचला नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तो तरुणही गेला. २०२१ सालीं तेथेंच पुन्हां एक कुत्रा मोटारींतून सुटून झऱ्यांत पडला. त्याच्यामागें उतरलेल्या वीस वर्षांच्या तरुणीला तिच्या वडिलांनीं बाहेर ओढलें. ती खांद्यांपासून पायांपर्यंत भाजली होती. तोही कुत्रा वांचला नाहीं. या दोन्ही घटनांत प्रेमाची उणीव नव्हती. उणी होती ती मोटारीचें दार उघडण्यापूर्वीं बांधावयाची एक दोरी.

मग कुत्र्याला मोटारींतच कोंडून आपण झरे पाहून यावे काय? तेंही नव्हे. बाहेर अवघी २१ अंश सेल्सिअस उष्णता असली तरी बंद मोटारींत ती दहा मिनिटांत ३२ अंशांच्या आसपास आणि अर्ध्या तासांत ४० अंशांपर्यंत चढते. खिडकी बोटभर उघडी ठेवल्यानें त्यांत फारसा फरक पडत नाहीं. माणसाप्रमाणें कुत्र्याला सर्वांगाला घाम येत नाहीं. धापा टाकून तो आपलें अंग निववितो, आणि हवाच तापली म्हणजे त्याचा तोही उपाय खुंटतो.

यास्तव जाणते प्रवासी आपला मार्गच निराळ्या रीतीनें आंखतात. मुक्काम आणि लांबच्या पायीं फेऱ्या ते राष्ट्रीय वनांत ठेवतात, आणि उद्यानासाठीं एखादा दिवस राखतात. त्या दिवशीं घरांतील एक जण सकाळीं कुत्र्यापाशीं राहतो आणि दुसरा दुपारीं. अथवा कुत्र्याला दिवसापुरतें सांभाळगृहांत ठेवतात. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कांठावर अशी सोय आहे. निघण्यापूर्वीं पिसाळरोगाची लस टोंचून तिचा दाखला जवळ ठेवणें, गळ्यांतील पट्ट्यावर आपला ठावठिकाणा लिहिणें, दर दोन-तीन तासांनीं थांबून पाणी पाजणें आणि रानांतून परततांना कान व बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड काढणें, एवढीं कामें नेमानें केलीं म्हणजे पुष्कळसे धोके टळतात. वाटेंतील विष्ठा उचलून आणणें हेंही त्याच नेमांत येतें.

प्रसिद्ध कादंबरीकार जॉन स्टाइनबेक हे १९६० सालीं चार्ली नांवाच्या वृद्ध पूडल कुत्र्यासह आपल्या देशाची फेरी करावयास निघाले. १९६२ सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें प्रवासवर्णन याच कुत्र्याच्या नांवानें ओळखलें जातें. चार्ली स्वभावानें अतिशय सौम्य. कोणाच्या अध्यांत ना मध्यांत. परंतु यलोस्टोनमध्यें शिरल्यावर रस्त्याकडेला पहिलें अस्वल दिसतांच हा शांत प्राणी बेभान झाला आणि गाडीच्या आंतूनच त्याच्यावर तुटून पडूं पाहूं लागला. त्याच्या रक्तांत निजलेलें कांहीं तरी पुरातन जागें झालें होतें. स्टाइनबेक यांनीं त्याला रागें भरण्यांत वेळ दवडला नाहीं, किंवा उद्यान पाहण्याचा हट्टही धरला नाहीं. त्यांनीं गाडी वळविली आणि आल्या वाटेनें ते बाहेर पडले. जगप्रसिद्ध कारंजीं पाहावयाचीं राहिलीं. पण चार्ली सुखरूप राहिला, अस्वलेंही आपल्या जागीं निवांत राहिलीं, आणि त्या दोघांचा प्रवास पुढें चालू झाला.