‘हायेटस’ म्हणजे शेवट नव्हे

१४ जून २०२२ रोजी बीटीएस या दक्षिण कोरियन बँडचा एक व्हिडिओ प्रसिद्ध झाला. आता आपण स्वतंत्र कामांकडेही वळणार, असं सातही जण जेवता जेवता कोरियन भाषेत सांगत होते. इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र ‘हायेटस’ हा शब्द आला, आणि बँड फुटल्याचीच चर्चा जगभर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाइब कंपनीचा शेअर जवळपास २५ टक्क्यांनी कोसळला. हा हायेटस नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला.

हायेटस म्हणजे कायमचं थांबणं, हा समज चुकीचा आहे. लॅटिनमध्ये ‘हिआरे’ म्हणजे आ वासणं. त्यावरून ‘हिआटस’ म्हणजे फट, भेग. सोळाव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तो याच अर्थाने. चालू कामातला खंड हा अर्थ पुढे रुळला. फट म्हटली की तिला दोन्ही बाजू आल्याच.

‘हायेटस हर्निया’मुळे अनेकांना हे आजाराचं नाव वाटतं. पण हा हायेटस प्रत्येकाच्या शरीरात असतो. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात अन्ननलिका जाण्यासाठी जे भोक असतं, ते हे. जठराचा भाग त्यातून वर सरकला, तरच तो हर्निया.

भाषाशास्त्रातही हा शब्द आहे. दोन स्वर मध्ये व्यंजन न येता शेजारी आले की तो हायेटस. आपल्या प्राचीन उच्चारशास्त्रात त्याला ‘विवृत्ति’ म्हणतात. संस्कृतात एकाच शब्दात ती क्वचित सापडते, ‘तितउ’ म्हणजे चाळणी हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ‘भ्रातृ’मधला त प्राकृतात गळाला आणि मराठीत ‘भाऊ’ उरला, तेव्हा अशीच फट पडली.

सर्वांत घातक गैरसमज मात्र हवामानाबद्दलचा आहे. १९९८ ते २०१२ या काळाला ‘तापमानवाढीचा हायेटस’ म्हटलं गेलं आणि वाढ थांबली, असा प्रचार झाला. ती थांबली नव्हती. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या २०१३च्या अहवालानुसार पृष्ठभागाच्या तापमानवाढीचा वेग दशकाला ०.०५ अंश सेल्सिअसवर आला होता. १९५१पासूनचा वेग ०.१२ अंश होता. शिवाय या काळाचं पहिलंच वर्ष, १९९८, तीव्र एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, कमालीचं उष्ण होतं, आणि समुद्र तर या सगळ्या काळात उष्णता शोषतच होते. पुढे २०१४, २०१५ आणि २०१६ या तिन्ही वर्षांनी लागोपाठ जागतिक तापमानाचे उच्चांक मोडले.